पंच्याऐंशीव्या प्रश्नानंतर

नुकत्याच दिलेल्या परीक्षेची फी पुन्हा भरायला बसायचं आणि ती भरली जाऊ नये म्हणून देवाला साकडं घालायचं, हा प्रकार एनक्लेक्स-आरएनच्या वाट्याला आला आहे. अमेरिकेत नर्स म्हणून काम करण्याचा परवाना हवा असेल तर ही परीक्षा द्यावी लागते. ती देऊन आलेल्या मुली (मुलगेही, ब्रदर मंडळी यात अजिबात मागे नाहीत) घरी येतात, पाणी पितात आणि परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीच्या संकेतस्थळावर नव्यानं नाव नोंदवायला लागतात. तेच नाव, तीच जन्मतारीख, तीच परीक्षा. शेवटी कार्डाचा नंबर टाकायचा. तुमची नोंद आमच्याकडे आधीच आहे, सध्या पुन्हा नोंदणी करता येणार नाही, अशा अर्थाचा संदेश आला तर पास. पान पुढे सरकून पैसे कापायला लागलं तर नापास. धोरणी मुली मुदत संपलेलं किंवा रिकामं कार्ड वापरतात, म्हणजे वाईट बातमीबरोबर २०० डॉलरचा फटका तरी बसू नये. या उद्योगाला सगळ्या जणी 'ट्रिक' म्हणतात. पहिला संदेश 'गुड पॉप-अप', दुसरा 'बॅड पॉप-अप'.

परीक्षेची मूळ संस्था शिकागोची. नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग हे तिचं लांबलचक नाव. ही ट्रिक भरवशाची नाही, तिच्यावरून निकाल काढू नका, असं ही संस्था सांगत आली आहे. ते कुणी ऐकत नाही. मनिला असो, कोट्टायम असो की आमची सांगली, परीक्षेनंतरच्या रात्री सगळीकडे कार्डाचे नंबर टाइप होत असतात. मी बोलले त्या प्रत्येकीला संस्थेचा इशारा ठाऊक होता आणि तरीही जवळजवळ प्रत्येकीनं ट्रिक केली होती. मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत काम करणारी एक सिस्टर म्हणाली, "ताई, आम्ही दिवसभर मॉनिटर बघतो. आकडा दिसला नाही की आमचा जीव खालीवर होतो. इथे दोन दिवस स्क्रीनच बंद."

हे दोन दिवस म्हणजे ४८ तास. परीक्षार्थीनं ज्या राज्याच्या नर्सिंग मंडळाकडे अर्ज केलेला असतो, त्या मंडळानं सोय मान्य केली असेल तर ४८ तासांनी ७.९५ डॉलर भरून 'क्विक रिझल्ट' पाहता येतो. तोही अनधिकृतच. अधिकृत निकाल मंडळाकडून येतो आणि त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. खरं पाहता परीक्षा संपते तेव्हाच यंत्राला निकाल ठाऊक असतो. गुणांची तपासणी एकदा केंद्रावर आणि एकदा मुख्य यंत्रणेत अशी दोनदा होते, म्हणून थांबावं लागतं. आपला निकाल एका यंत्राला माहीत आहे आणि ते बोलत नाही, ही गोष्ट माणसाला फार छळते.

भारतात मुंबईसह मोजक्या शहरांत परीक्षेची केंद्रं आहेत. आत जाताना फोटो, सही, तळहाताच्या शिरांचा स्कॅन. घड्याळ, मोबाइल, कानातले, सगळं लॉकरमध्ये. हाताशी एक पुसता येणारी पाटी आणि पेन. हवे असतील तर कानात घालायला बोळे. वेळ पाच तास. एकदा उत्तर दिलं की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, सोडून पुढेही जाता येत नाही. एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. आता एकाच रुग्णाची कहाणी सहा प्रश्नांतून उलगडत जाते: आधी लक्षणं, मग तपासण्या, मग बिघडलेली तब्येत, आणि प्रत्येक पायरीला 'आता तू काय करशील?' कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. कितव्या प्रश्नाला परीक्षा संपणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. पडदा कोरा होतो, एवढंच.

बऱ्याच जणींचा तो ८५ व्या प्रश्नाला होतो आणि तिथून पुराणकथा सुरू होतात. '८५ ला बंद झालं म्हणजे पास.' '८५ ला बंद झालं, पण शेवटचा प्रश्न सोपा होता, म्हणजे गेलं.' 'लागू पडतील ती सगळी उत्तरं निवडा, या जातीचे प्रश्न खूप आले म्हणजे लेव्हल वर होती.' 'माझ्या जावेच्या बहिणीला १५० पडले आणि ती पास.' या कथांचा उगम समजण्यासारखा आहे. आपल्याकडे जीएनएम असो की बीएस्सी नर्सिंग, पेपर संपला की गेटवरच पडताळणी होते. तू काय लिहिलंस, मी काय लिहिलं, किती मार्कांचं बरोबर. त्यातून रडारड होते, पण अंदाजही येतो. एनक्लेक्समध्ये प्रत्येकीचे प्रश्न वेगळे, आणि प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार आधीच करून घेतलेला. पडताळायला उरतो तो फक्त एक आकडा, कितव्या प्रश्नाला थांबलं हा. मग सगळी चिंता त्या आकड्यावर जाऊन बसते.

तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतलं तर निम्मी रात्र तरी झोपेत जाईल, असं माझं मत झालं आहे. त्यासाठी परीक्षेच्या पोटात शिरावं लागतं.

१९९४ च्या एप्रिलपर्यंत ही परीक्षा कागदावर होत असे. वर्षातून दोनदाच, सलग दोन दिवस, सगळ्यांना तेच प्रश्न. नंतर ती संगणकावर गेली, आणि नुसती गेली नाही, तर प्रत्येकीच्या उत्तरांनुसार बदलू लागली. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकलं की थोडा सोपा. यामागचं गणित डेन्मार्कच्या गेऑर्ग राश या गणितज्ञाचं, १९६० साली पुस्तकरूपानं मांडलेलं. प्रश्नाचा अवघडपणा आणि माणसाची क्षमता एकाच पट्टीवर मोजायची. दोन्ही नेमकी सारखी असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता असते निम्मी. यंत्र सतत शोधत असतं तो हाच बिंदू. जिथे तुम्ही निम्म्या वेळा बरोबर आणि निम्म्या वेळा चूक ठरता, तिथे ते तुम्हाला आणून ठेवतं आणि तिथेच खिळवतं.

याचा अर्थ असा की गोल्ड मेडल मिळवलेली मुलगी असो की काठावर पास झालेली, दोघींचे साधारण निम्मे प्रश्न चुकतात. हे कुणी ऐकीव सांगत नाही, परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. दोघींतला फरक इतकाच की पहिलीचे चुकतात ते अवघड प्रश्न आणि दुसरीचे सोपे. पण खुर्चीवर बसलेल्या दोघींना अनुभव एकच येतो: काहीच येत नाहीये, मी अंदाजानं उत्तरं ठोकते आहे.

मिरजेला शिकलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या एका मेट्रनबाईंना मी हे समजावून सांगायला गेले, तर त्यांनीच मला समजावलं. "म्हणजे बीपीचा पट्टाच की! आधी फुगवायचा, मग सोडत जायचं, ठोका कुठे ऐकू येतो ते बघायचं. पट्टा आवळला की पेशंट कळवळतो. पण त्या कळवळण्यावरून त्याला स्वतःचं बीपी कळतं का?"

कळत नाही. आणि मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच आहे. केंद्राबाहेर पडताना पोटात जो गोळा येतो, तो यंत्राच्या रचनेतून आलेला असतो. पास होणारीलाही येतो, नापास होणारीलाही. त्याच्यावरून निकाल वाचता येत नाही.

सगळ्यांत जास्त हादरतात त्या वर्गात पहिल्या येणाऱ्या. त्यांना आयुष्यभर ऐंशी टक्के उत्तरं येण्याची सवय. निम्मी चुकल्याचा अनुभव त्यांनी आधी कधी घेतलेलाच नसतो. आयसीयूतली ती सिस्टर याच गटातली. परीक्षेच्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "माझं झालं, आता पुन्हा फी भरायची नाही."

आता ८५ चा हिशेब. ही उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री पटली की यंत्र थांबतं. मात्र ८५ प्रश्न झाल्याशिवाय त्याला थांबण्याची मुभा नाही. म्हणजे ८५ ला थांबलेली मुलगी रेषेपासून बऱ्यापैकी लांब आहे, इतकंच कळतं. कोणत्या बाजूला, ते कळत नाही. १५० पर्यंत गेलेली रेषेच्या अगदी जवळ घुटमळत होती. शेवटी तिचा अंदाज रेषेच्या वर निघाला तर पास, खाली निघाला तर नापास. शिवाय ८५ पैकी १५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत. ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहिले जातात, आणि कोणते ते उमेदवाराला कळत नाही. ज्या प्रश्नानं रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही, तो कदाचित मोजलाच गेलेला नसेल. हे सांगितल्यावर एक ब्रदर इतका चिडला की दोन मिनिटं नुसता हसत राहिला.

बाहेर पडल्यानंतरच्या अस्वस्थतेचाही अभ्यास झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आर्ची द बर्कर आणि सहकाऱ्यांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उचलायचा, खाली साप असेल तर हाताला विजेचा खरा झटका. साप असण्याची शक्यता कमीजास्त केली जात होती. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या, तेव्हा दिसलं की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसं तुलनेनं शांत होती. सगळ्यांत जास्त ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. हा निबंध २०१६ सालचा. तो वाचताना मला भारतातून परीक्षा देणाऱ्या मुली आठवत होत्या, कारण अमेरिकेबाहेर शिकलेल्या नर्सेसपैकी पहिल्याच खेपेत पास होणाऱ्यांचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत निम्म्याच्या आसपासच राहिलं आहे. अमेरिकेत शिकलेल्या मुलींना बाहेर पडताना निदान आकडेवारीचा आधार असतो. आपल्या मुलींना तोही नाही.

कॅलिफोर्नियात केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'वाट पाहणं' हाच आपल्या संशोधनाचा विषय केला आहे. त्यांनी निवडले वकिलीच्या परवाना परीक्षेला बसलेले २३० पदवीधर, ज्यांना निकालासाठी तेव्हा चार महिने थांबावं लागत होतं. मन दुसरीकडे वळवणं, भावना दाबणं, 'जे होतं ते बऱ्यासाठी' असं स्वतःला बजावणं, हे सगळे उपाय लोकांनी केले आणि त्यांतल्या बहुतेकांचा ताण कमी करण्यासाठी काही उपयोग झाला नाही. उलट, जे काळजीत होरपळले, ज्यांनी वाईटाची तयारी ठेवली, ते वाईट निकाल आल्यावर लवकर सावरले आणि चांगला आल्यावर जास्त खूश झाले. त्यांच्याच पुढच्या एका अभ्यासात कामी आलेली गोष्ट दिसली ती म्हणजे भान हरपायला लावणारं काम. थोडं अवघड, हाताला गुंतवणारं, बरोबर चाललंय की नाही ते लगेच दाखवणारं.

चार महिने आणि ४८ तास यांची तुलना ओढूनताणून करू नये, हे मान्य. वकील आणि नर्स यांचीही नको. पण 'काळजी करू नकोस' हा घराघरात मिळणारा सल्ला किती निकामी आहे, हे यातून दिसतं. काळजी करायची मुभा असलेलीच बरी. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती अजूनही समुपदेशक वापरतात: दिवसातला एक ठरावीक अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, त्याच जागी बसून मनसोक्त काळजी करायची, आणि एरवी विचार आला की त्याला त्या वेळेची तारीख द्यायची. नर्सेसना ही युक्ती पटकन पटते. औषधांच्या वेळा पाळायची सवय असतेच.

भान हरपायला लावणाऱ्या कामाचं मात्र जपून घ्यावं लागतं, कारण सिस्टरच्या हाताशी असलेलं असं काम म्हणजे वॉर्ड. कॅज्युअल्टीत पाच पेशंट एकदम आले की निकाल आठवत नाही, हे खरंच. पण परीक्षेची गोष्ट वॉर्डात कुणाला सांगितलेली नसते. रजा मावसबहिणीच्या लग्नाची म्हणून घेतलेली. बाहेर जायचा विचार आहे हे इन्चार्ज सिस्टरला कळलं तर ड्युट्या कशा लागतील याची धास्ती, बाँडची भीती, आणि वर 'नजर लागेल' ही आईची ताकीद. त्यामुळे दोन रात्री न झोपलेली मुलगी तिसऱ्या रात्री नाइटला उभी राहते आणि तिच्या हातात इन्शुलिनची सिरिंज असते. शेजारच्या मैत्रिणीला माहीत नसतं की आज हिच्यासोबत डोस दोनदा तपासायला हवा. माझं स्पष्ट मत आहे की त्या आठवड्यात निदान एका सहकारिणीला तरी सांगावं, आणि नाइट बदलून घ्यावी. परीक्षेत 'रुग्णाची सुरक्षितता आधी' या एकाच तत्त्वावर किती प्रश्न असतात, हे या मुलींना मी सांगायला नको.

जिनं हे दोन दिवस सर्वांत शहाणपणानं काढले ती विदर्भातली, नंतर काही वर्षं रियाधला काम करून आलेली. तिनं परीक्षेआधीच ठरवून टाकलं होतं: ट्रिक करायची नाही, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून दोन दिवस बाहेर पडायचं, आणि निकाल नवऱ्यानंही आधी बघायचा नाही. केंद्रातून ती थेट जावेकडे गेली आणि दोघींनी मिळून दिवाळीच्या फराळाचं सगळं उरकलं. चकलीची भाजणी जमली नाही, पीठ फाटत होतं, त्यावर दोघींची अख्खी दुपार गेली. स्वीनीबाईंचं तिनं काही वाचलेलं नव्हतं. छाती धडधडायला लागली की ती एकच करायची, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. "पेशंटला हजार वेळा सांगितलंय, स्वतःवर कधी केलं नव्हतं," असं ती म्हणाली. रात्री तीन वाजता ती तरीही जागी होतीच.

ग्रुपमधून बाहेर पडणं सोपं नसतं. तिथे आधार मिळतो तसा दाहही होतो. फुगे लावलेला 'पास' चा स्क्रीनशॉट टाकणाऱ्या बऱ्याच. नापास झालेल्या एकदम गप्प होतात आणि ग्रुप सोडतात. त्यामुळे ग्रुप वाचणारीला वाटतं, जग पास होतंय, मी एकटीच राहिले. क्लासवाल्यांच्या फलकांवरही हसरे चेहरेच असतात. अभिनंदनाच्या त्या रांगेत निम्म्या मुली दिसतच नाहीत.

त्या न दिसणाऱ्यांपैकी एक पुण्यात भेटली. निकालाचं कळलं तेव्हा ती बसमध्ये होती. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" तर ही म्हणाली, "अजून आला नाही." हे खोटं तिनं आठवडाभर चालवलं. क्लासची फी, कागदपत्रांची पडताळणी, २०० डॉलरची परीक्षा फी, अमेरिकेबाहेर परीक्षा दिल्याबद्दल आणखी १५० डॉलर. त्यातलं बरंचसं दिराकडून उसनं घेतलेलं. पैशाच्या हिशेबामुळे नापास होणं हा घरातल्या सगळ्यांचा विषय होतो, आणि तिला खरं दुःख करायला जागाच उरत नाही. जेवण जाईना, ड्युटीवर हात थरथरायला लागले, तेव्हा तिच्या एका मैत्रिणीनं १४४१६ हा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. झोप आणि भूक दोन आठवडे परतली नाही, किंवा जगणं नको असं मनात यायला लागलं, तर निकालाच्या गप्पा बाजूला ठेवून तिथे किंवा जवळच्या डॉक्टरकडे जावं. नर्स असली म्हणून तिनं स्वतःचंच निदान करत बसू नये.

नापास झालेलीला एक कागद मिळतो, आणि तो बहुतेक जणी रागानं न वाचताच ठेवून देतात. प्रत्येक विषयात ती रेषेच्या वर होती, जवळ होती की खाली, हे त्यात लिहिलेलं असतं. पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. पुण्याच्या मुलीच्या कागदावर औषधांचा भाग सोडला तर बहुतेक ठिकाणी 'जवळ' असं होतं. तिला १५० प्रश्न पडले होते. आपण अख्खी परीक्षा हरलो असं ती महिनाभर धरून बसली होती. प्रत्यक्षात ती शेवटच्या प्रश्नापर्यंत रेषेवर उभी होती. आता ती औषधांच्या वह्या पुन्हा काढून बसली आहे आणि यंदा दिराला तारीख सांगितलेली नाही.

आयसीयूतली सिस्टर पास झाली. ८५ प्रश्नांत. नवऱ्यानं पेढे आणले, आई गावाकडे रडली, आणि साधारण पंधरवड्यानं तिनं एजंटला विचारलं, "आता किती दिवस?" अमेरिकेला नर्स म्हणून कायमचं जायचं तर बहुधा ईबी-३ या वर्गातून जावं लागतं आणि त्या वर्गात भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की २०२५ च्या अखेरीस नंबर लागत होता तो २०१३ मध्ये अर्ज केलेल्यांचा. दुसऱ्या देशातून अर्ज केला तरी जन्मदेश बदलत नाही. दोन दिवसांत जीव नकोसा झालेल्या मुलीला एजंटनं हे फार सहज सांगितलं.

म्हणून तिनं मोर्चा ऑस्ट्रेलियाकडे वळवला आहे. तिथे २०२० पासून भारतासारख्या देशांत शिकलेल्या नर्सेसना आधी हीच एनक्लेक्स द्यावी लागते आणि मग ऑस्ट्रेलियात जाऊन ओएससीई, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेची परीक्षा. तीत परीक्षकासमोर एकेक पायरी करून दाखवायची असते, आणि काय करतो आहोत ते त्याला ऐकू जाईल असं बोलत करायची. सुट्टीच्या दिवशी ती आता मेट्रनबाईंकडे जाते, त्यांच्या दिवाणावर उशीला पेशंट करून हात धुण्यापासून सुरुवात करते. मेट्रनबाई खुर्चीत बसून मधेच ओरडतात, "मनात म्हणू नकोस. मोठ्यांदा!"